पेपर, कागद आणि कागूद

परवा सकाळची गोष्ट. खुर्चीत बसल्या बसल्या मी सूनबाईला विचारलं, "पेपर आला का गं?" तर आतून नात ओरडली, "आलं सगळं आजोबा, फक्त शेवटचा प्रश्न राहिला!" तिची आदल्या दिवशी चाचणी परीक्षा झाली होती. सूनबाई हसत सुटली. मी म्हटलं चला, आज लिहायला विषय मिळाला. (निवृत्त मास्तरला विषय कुठेही मिळतात, वाचणारे मिळत नाहीत. तुम्ही मंडळी आहात म्हणून बरं चाललंय.)

या 'पेपर'ने आपल्या भाषेत काय काय बळकावलंय बघा. वर्तमानपत्र म्हणजे पेपर. 'वृत्तपत्र आलं का' असं विचारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. हाच पेपर महिनाभर कोपऱ्यात पडला की रद्दी होतो आणि किलोवर जातो. परीक्षेचा तर सगळा कारभारच पेपरचा. पेपर काढायचा, पेपर फुटू द्यायचा नाही, पेपर लिहायचा, पेपर तपासायचा, आणि पोरगं घरी आलं की 'पेपर कसा गेला?' प्रश्न असतात तोही पेपर आणि उत्तरं असतात तोही पेपर. प्रश्नपत्रिका वेगळी, उत्तरपत्रिका वेगळी, असं मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत राहिलो. एकानेही ऐकलं नाही. 'पत्रिका' म्हटलं की मुलांना लग्नाची आठवायची. 'प्रश्न आधी नीट वाचा रे, अर्धे गुण तिथेच जातात' हेही असंच सांगत राहिलो. तेही फारसं कुणी ऐकलं नाही म्हणा.

माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मध्यंतरी त्याने आईला फोनवर सांगितलं, "आई, मी पेपर टाकले." बहीण रडकुंडीला आली. एवढा इंजिनियर झाला आणि सकाळी सायकलवरून पेपर टाकायची पाळी आली! राजीनामा द्यायलाही हल्ली 'पेपर टाकणं' म्हणतात, हे तिला कळायला संध्याकाळ उजाडली.

पेपर हा शब्द पपायरसवरून आला. नाईलकाठच्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या पट्ट्या एकावर एक दाबून इजिप्तचे लोक त्यावर लिहीत. खरं तर तो कागद नव्हेच. कागद चीनचा. इ. स. १०५ च्या सुमाराचा त्साय लुन नावाचा दरबारी अधिकारी त्याचा जनक मानतात. पण नाव चिकटलं ते पपायरसचं. बरं, 'कागद' तरी आपला का? तोही फारसीतून आलेला. आपलं म्हणाल तर 'पत्र', म्हणजे पान, ताडपत्र, भूर्जपत्र. पण कागद इथे इतका रुळला की परका वाटत नाही. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं, तेही हातकागदासाठीच प्रसिद्ध. एकदा नववीची सहल वेरूळला नेली होती तेव्हा गाडीत मुलांना ही सगळी माहिती दिली. निम्मी झोपली होती. असो.

मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी कागदाला एक अर्थ होता, तो आता जवळजवळ गेला. कागद म्हणजे पत्र. आई 'कागूद' म्हणायची. 'कागूद आलाय का रं?' म्हणजे मुंबईहून दादाचं पत्र आलंय का. जमिनीच्या खरेदीखतालाही लोक कागदच म्हणत, 'भावकीत कागद केला' असं. पण बायकांच्या तोंडी कागूद म्हणजे मुलाचा, नाहीतर नवऱ्याचा. कोपरा फाटलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच दारात रडणं सुरू व्हायचं, कारण ते कुणीतरी गेल्याचं असायचं.

मी चौथीत गेलो आणि आमच्या आळीचा कागूद वाचणारा झालो. त्याआधी पोस्टमनच वाचून दाखवायचा, पण त्याला घाई असे. माझं अक्षर चांगलं, म्हणून उलट कागद लिहायचं कामही माझ्याकडे आलं. बायका सांगायच्या ते मी लिहायचो. सांगताना म्हैस आटल्यापासून जावेच्या भांडणापर्यंत सगळं येई, आणि शेवटी मी लिहायचो, 'इकडे सर्व खुशाल आहे.' कुणी मजकूर पडताळून बघितला नाही. वाचता कुणाला येत होतं?

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. आमच्या आईचाही एक रुमाल होता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात दादाची सगळी पत्रं बांधून ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. अक्षर येत नव्हतं, पण कोणतं पत्र कोणतं हे तिला डागांवरून आणि घड्यांवरून बरोबर कळायचं.

दादा लालबागला राहायचा, गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. डॉ. दत्ता सामंतांचं नाव तेव्हा आमच्या गावच्या पारावरही रोज निघायचं. गावातले बरेच गिरणीवाले पहिल्या पावसापर्यंत बायकामुलं घेऊन परत आले. दादा आला नाही. आज ना उद्या भोंगा होईल असं त्याला वाटत होतं.

१९८३ च्या श्रावणात त्याचं अंतर्देशीय पत्र आलं. एरवी कार्ड यायचं. निळं पत्र बघून आई शेणाचे हात धुऊन लगेच समोर येऊन बसली. "वाच की रं."

पत्र आईच्या नावाने होतं. त्यात लिहिलं होतं की गिरणी आता मला परत घेईल असं वाटत नाही, खोलीचं भाडं थकलंय. पोरांना घेऊन गावी येऊ का? तू ये म्हणालीस तर दसऱ्याच्या आत येतो.

मी काही ठरवून बसलो नव्हतो. पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा वाचल्या. मग ही ओळ आली. आत आमची ही दुसऱ्या खेपेची बाळंतीण, घर दोन खणांचं, रान सव्वा एकर आणि तेही जिरायती, पगार माझा एकट्याचा. दादाची चार माणसं. हे सगळं एका श्वासात डोळ्यांपुढून गेलं आणि तोंडातून निघालं, "गिरणी सुरू व्हायची चिन्हं आहेत. दसऱ्याच्या आत कळेल. दिवाळीला येऊन जाईन."

आईला धक्का बसेल म्हणून मी तसं वाचलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. तो आला तर कसं होणार, हेच आधी मनात आलं होतं.

आई म्हणाली, "लगी लगी उलट कागूद लिव." तिने सांगितलं, घाई करू नको, गिरणी सुरू हुईस्तवर दम धर, पोरांस्नी जप. ते मात्र मी तिने सांगितलं तसंच लिहिलं. शुद्धलेखन तेवढं सुधारलं. खाली लिहिलं, 'तुझी आई.'

त्या दिवाळीला तिने दादाच्या वाटणीच्या करंज्या डब्यात काढून ठेवल्या. तो आला नाही. पुढच्या मे महिन्यात दोन दिवस येऊन गेला. एका इमारतीवर रात्रपाळीचा वॉचमन झाला होता, वहिनींनी घरगुती खानावळ सुरू केली होती. पत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. परत जाताना आईच्या पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "कागूद धाडत जा." तो नुसता "व्हय" म्हणाला. पुढे तो कार्डंच पाठवायचा. चार ओळींची.

आई मात्र अधूनमधून तो निळा कागूद काढायची. "ह्यो वाच." मी दरवेळी तेच वाचायचा प्रयत्न करायचो. एकदा दिवाळी म्हणायच्या ऐवजी चुकून दसरा म्हणालो. आई म्हणाली, "मागल्या बारीला दिवाळी म्हणला हुतास." तिला मजकूर पाठ होता. माझा मजकूर.

दादा १९९४ मध्ये गेला. आई २००३ मध्ये. ट्रंक तशीच माळ्यावर राहिली.

गेल्या दिवाळीत दादाची मुलगी बदलापूरहून आली होती. संप झाला तेव्हा ती पहिलीत होती, आता पन्नाशीला आली. आजीची ट्रंक काढूया म्हणाली. रुमाल सोडला आणि एकेक पत्र मोठ्याने वाचायला लागली. आमची ही, मुलगा, सूनबाई, नात, सगळे भोवती बसलेले. निळं पत्र उघडलं तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. ती ओळ मला स्वयंपाकघरात ऐकू आली.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, याचं उत्तर आमच्याकडे आहे. पप्पांच्या रेशनकार्डाच्या पिशवीत होतं, मी जपून ठेवलंय. आजी दम धर म्हणाली, म्हणून आम्ही राहिलो." माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "अक्षर तुमचंच ना? किती सुंदर होतं हो तुमचं अक्षर."

मी हो म्हणालो. एवढंच म्हणालो. घरात सणाचं वातावरण होतं, नंतर बोलू असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. गेल्याच आठवड्यात तिने त्या उत्तराचा फोटो मोबाईलवर पाठवलाय. अजून मी तो मोठा करून बघितलेला नाही.

बेबी, तू हे वाचतेस ते मला माहीत आहे. तुझी आजी 'ये'च म्हणाली असती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.