मामांच्या जावाचा रंग

गेल्या दिवाळीनंतर भोपाळहून मामेभावाचा फोन आला. "दादा, बाबांची जावा खोललीय. पण इंजिनाला रंग कुठला द्यायचा यावरून घरात रोज वादावादी. तू फाउंड्रीत जन्म घालवलास. येऊन काय ते ठरव."

निवृत्त माणसाला निमित्तच हवे असते. बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट भोपाळला जाते. मामांसाठी नेहमी न्यायचो तो कुंदा घेतला, मामींसाठी धारवाडी पेढे घेतले आणि गाडीत बसलो. मामा जाऊन दोन वर्षे झाली, हे कुंद्याचे पैसे देऊन झाल्यावर लक्षात आले.

मामा १९६० नंतरच्या काळात भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे पुढच्या भेलमध्ये, नोकरीला लागले. १ नोव्हेंबर १९५६ या तारखेची आठवण ते नेहमी काढत. त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. "एकाच दिवशी आपल्या दोन्ही गावांची पाटी बदलली," असे म्हणून ते हसायचे. मामी धारवाडच्या, कानडी घरातल्या. घरात मराठी, कानडी आणि बाहेरची हिंदी अशी तिन्ही भाषांची आमटी. आपल्याकडच्या कितीतरी घरांत असते तशीच.

लग्न १९६८ साली झाले आणि त्याच वर्षी मामांनी जावा घेतली. जावा मूळ चेकोस्लोव्हाकियाची, पण मामांची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथे १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या होत्या, पुढे त्यांचेच नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. मामा गमतीने म्हणायचे, "माझ्या घरी दोन सुना कर्नाटकातल्या. एक धारवाडची, एक म्हैसूरची." किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, हे त्या गाडीचे वैशिष्ट्य ते आल्यागेल्याला दाखवायचे. मामी म्हणायच्या, "म्हैसूरची सून एका पायावर नाचते, म्हणून लाडकी."

भोपाळला पोचलो तर अंगणात सगळे सुटे भाग जुन्या चादरीवर मांडलेले. टाकीच्या मरून रंगाबद्दल कुणाचा वाद नव्हता. भांडण होते ते इंजिनाचे. मामेभावाला सगळे इंजिन चकचकीत चंदेरी हवे होते. त्याच्या मुलाला हल्लीच्या गाड्यांसारखे सगळे काळे हवे होते. आणि मामी एवढेच म्हणत होत्या, "ब्याड, ब्याड. ह्यांनी ठेवलं होतं तसंच राहू दे." मामा दर दिवाळीला इंजिनाच्या ब्लॉकला ब्रशने चंदेरी रंगाचा हात देत. घराला चुना आणि जावाला चंदेरी, हा त्या घरचा रिवाजच होता.

जहांगिराबादचे एक वयस्कर मिस्त्री हे काम करत होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मला बघून म्हणाले, "को खाँ, बेलगाम से रंग बताने आए हो?" मी म्हटले, रंगाचे नंतर बघू, आधी धातू बघू.

कारण इंजिनात धातू एक नसतो. खालची क्रँककेस आणि बाजूची कव्हरे ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही, त्यामुळे त्याला रंगाची गरज नाही. उलट रंग दिला तर पेट्रोल आणि ऑइल सांडून त्याचे पापुद्रे निघतात. ते रॉकेलने ब्रश मारून धुवावे आणि कव्हरांना बफिंग करावे, एवढे पुरते. कॉस्टिकच्या पाण्यात मात्र चुकूनही बुडवू नये, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते. मामेभावाने एक बादली तयार ठेवलीच होती, ती आधी ओतायला लावली. वाळूचा मारा करून साफ करायचा बेतही मोडला. एखादा कण आत राहिला तर बेअरिंगचा निकाल लागतो.

ब्लॉकची गोष्ट वेगळी. तो बीडाचा, म्हणजे उद्यमबागेत मी आयुष्यभर ओतला तोच माल. उघडे बीड एका पावसाळ्यात तांबूस होते, म्हणून त्याला रंग हवाच. पण साधा ऑइल पेंट तिथे टिकत नाही, उष्णतेने पिवळा पडून सुटतो. त्याला सिलिकॉनचा, उष्णता सोसणारा रंग लागतो, तोही अगदी पातळ. ब्लॉकभोवतीच्या पातळ फिन असतात त्या वाऱ्याला उष्णता देण्यासाठी. रंगाचे थरावर थर चढवले की फिनमधल्या फटी बुजतात आणि इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखे होते. टू-स्ट्रोक इंजिन फार तापले की पिस्टन जाम होतो, हे ज्याने भर उन्हात गाडी ढकलली आहे त्याला सांगायला नको. चंदेरी की काळा, याचेही उत्तर त्यातच आहे. चकचकीत चंदेरीपेक्षा मंद काळा रंग उष्णता जास्त सहज सोडतो. धावत्या गाडीत मोठे काम वाराच करतो, त्यामुळे फरक थोडा, पण आहे.

हे सगळे मी मामींना समजावून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. जुना रंग काढायला मात्र नको म्हणाल्या नाहीत.

उस्तादांनी ब्लॉकला रंग काढायचे रसायन लावले. चंदेरीखाली चंदेरी, त्याखाली आणखी चंदेरी. किती दिवाळ्या निघाल्या कुणास ठाऊक! सर्वांत खाली मंद काळा रंग लागला. आणि एका बाजूने लांबीचा तुकडाच्या तुकडा सुटून खाली पडला. बघतो तर तिथे फिनची दोन बोटे रुंदीची कड तुटलेली. मामेभाऊ ओरडला, "अरे, हा ब्लॉक फुटलाय! आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

फुटला नव्हता, फक्त फिन तुटली होती. बीड वाकत नाही, सरळ तुटते. आता मला दर दिवाळीच्या रंगाचा अर्थ लागला. एवढ्या उष्णतेत लांबी टिकणे शक्य नव्हते. मामा दरवर्षी ती नव्याने भरत होते आणि वरून चंदेरी रंग देत होते.

मामी दारात उभ्या होत्या. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि हळूहळू सांगू लागल्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. वारा जुन्या शहराकडे होता, त्यामुळे भेलची वसाहत बरीचशी वाचली. ३ तारखेला सकाळी मामा गाडी घेऊन निघाले. डोळे उघडता न येणारी माणसे रस्त्याच्या कडेने बसली होती. एकेकाला, दोघादोघांना मागे बसवून ते हमीदिया रुग्णालयात नेत राहिले. स्टेशनजवळच्या गर्दीत एका हातगाडीवर जावा आदळली आणि फिन तुटली. मागे एक बाई होती, तिच्या मांडीवर मूल होते. बाईला लागले नाही. पण रुग्णालयात पोचेपर्यंत मूल गेले होते.

"पडल्यामुळं नव्हे, ते आधीच गेलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं," मामी म्हणाल्या. "ह्यांना ते पटलं नाही. पुढल्या दिवाळीला लांबी भरली आणि रंग लावला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चाळीस वर्षं मी ती तुटकी कड पाहिली नव्हती."

मामेभाऊ खाली मान घालून बसला. त्या वेळी तो सात वर्षांचा होता. त्याला काहीच माहीत नव्हते.

उस्तादांनी थोड्या वेळाने घसा साफ करून विचारले, फिन जोडायची का? बीड जोडता येते. ब्लॉक आधी सावकाश तापवायचा, मग जोड भरायचा आणि राखेत किंवा वाळूत हळूहळू थंड करायचा. घाई केली तर शेजारी नवी चीर जाते. मी म्हटले, होईल. पण एवढ्या तुकड्याने इंजिनाच्या थंड होण्यात काही फरक पडणार नाही. ठेवली तरी चालेल.

सगळ्यांनी मामींकडे पाहिले. मी कानडीत विचारले, "मामी, याव बण्ण हच्चोदु?" कुठला रंग लावायचा?

त्या उठून ब्लॉकजवळ आल्या. फिनच्या खोबणीत उरलेल्या काळ्या रंगावरून त्यांनी बोट फिरवले. "मी लग्न होऊन आले तेव्हा हाच होता," त्या म्हणाल्या. "हाच लावा. आणि ते तुटलेलं तसंच राहू दे. झाकून त्यांची झोप कुठं परत आली?"

मग काम सोपे झाले. सिलिंडरच्या आत आणि बसणीच्या जागी कागदाची टेप लावली. मंद काळ्या रंगाचे दोन पातळ हात दिले, तुटक्या कडेवरही तेवढेच. क्रँककेस नुसती धुतली. कव्हरांवरची जावाची अक्षरे बफिंगने उजळली. नातवाला काळे मिळाले, मुलाला चकाकी मिळाली. असा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तो तापावा लागतो. म्हणून गाडी पहिल्यांदा थोडा वेळ चालवून बंद केली, पूर्ण थंड होऊ दिली, मग पुन्हा. रंग भाजल्याचा वास अंगणभर पसरला.

२०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या मध्य प्रदेशातच, पिथमपूरला बनू लागल्या आहेत. मामेभाऊ म्हणाला, म्हैसूरची सून इथलीच झाली म्हणायची. मामी हसल्या. मग गार झालेल्या ब्लॉकवरून त्यांनी पदराने धूळ पुसली आणि तुटक्या फिनपाशी हात क्षणभर थांबवला.

मी आणलेला कुंदा त्यांनी मामांच्या फोटोपुढे ठेवला होता. निघताना त्यातलाच थोडा माझ्या हातावर ठेवला.