पाणी न लावता

वाळलेल्या बियांच्या आत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पाहणं, हे माझं काम. त्यातली जुनी अडचण अशी, की कोरडी बी पाहायची तर नेहमीच्या पद्धतीत आधी ती भिजते.

ताज्या पानाचा मिलिमीटरभर तुकडा आम्ही ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात टाकतो. प्रथिनं जागच्या जागी जखडली जातात. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ते स्निग्ध पदार्थांना धरून ठेवतं आणि काळं करतं. त्यानंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचं, रेझिन भरायचं, ते कडक झालं की हिऱ्याच्या सुरीने ७० नॅनोमीटर जाडीचे काप घ्यायचे. पान मुळात पाण्याने भरलेलं, त्याला हे मानवतं. भाताच्या वाळलेल्या दाण्यात पाणी जेमतेम १२ टक्के. द्रावणातलं पाणी आधी आत शिरतं, रसायन मागून पोचतं. तोवर सुरकुतलेल्या पेशी फुगू लागलेल्या असतात. फोटो येतो तो जाग्या होणाऱ्या बीचा, आणि खाली नाव पडतं ‘कोरडी बी’.

हा नुसता काथ्याकूट नव्हे. चवळी भिजत घातली की पहिल्या काही मिनिटांतच तिच्यातले क्षार आणि साखर पाण्यात उतरू लागतात. १९७४ साली ई. डब्ल्यू. सायमन यांनी याचा अर्थ असा लावला, की वाळताना पेशीची पटलं विस्कटतात, सच्छिद्र होतात. पाणी मिळाल्यावर ती पुन्हा सांधली जाईपर्यंत गळती होते. म्हणजे कोरडी बी आतून मोडलेलीच. भिजवून काढलेल्या चित्रांवरून याचा निकाल लागणं कठीण होतं. १९८० मध्ये हेल्गी ओपिक यांनी भाताच्या कोरड्या दाण्यातल्या पेशींना पाण्याऐवजी ऑस्मियमची वाफ दिली. १९८२ मध्ये थॉमसन आणि प्लॅट-अलोइया यांनी चवळी गोठवून फोडली आणि फुटलेल्या पृष्ठभागाचा ठसा पाहिला. कोरड्या चवळीतही पटलं दुपदरी, शाबूत होती.

माझ्या आजीला याचं नवल वाटलं नसतं. बियाण्याचं भात कणगीत भरण्याआधी ती दाणा दाताखाली धरायची. कट् असा आवाज आला तरच तो आत जायचा. ओलसर बी श्वास घेत राहते, साठा संपवते, बुरशी धरते. आजीच्या लेखी कोरडेपणा ही राखण होती.

आपल्या भाषेत मात्र कोरडं असणं हा दोष. वडील गेले तेव्हा आई रडली नाही. भेटायला येणारे तिच्याजवळ बसायचे, जुन्या आठवणी काढायचे, ती रडेपर्यंत उठायचे नाहीत. बाहेर पडताना मला सांगायचे, “बघ, आतून किती मोडली आहे.” त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या रडण्याआधीची आई त्यांच्यापैकी कुणी पाहिली होती, असं मला वाटत नाही.

ऑस्मियमची वाफ फ्यूम हूडमध्येच हाताळावी लागते, कारण ती पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही सोडत नाही. बुबुळाचा पडदाही तिच्या लेखी एक ऊतीच. कोरड्या दाण्यात ती फार सावकाश शिरते. बाटली बंद करून ठेवायची आणि थांबायचं. मधे घाई करून पाण्याचा एक थेंबही द्यायचा नाही.