आत्याकडं यादी मागतेस?

घणसोली गाव

बाय,

ठाण्याला राहायला गेलीस आणि आठवड्यातच ‘आत्या, दहा चांगल्या पुस्तकांची यादी पाठव’ असा निरोप आला. यादी पाठवत नाही. सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आधी तिथं जाऊन नाव घाल. १ जून १८९३ ला सुरू झालेली ही संस्था. मराठी पुस्तकं एका जागी जमली पाहिजेत असा हट्ट धरणाऱ्यांत वि. ल. भावे होते, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे. तेव्हा त्यांचं वय जेमतेम २१, म्हणजे तुझ्याहून लहान! मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं त्यानंतर पाच वर्षांनी. ठाणेकर हे अजून ऐकवतात. ऐकवू देत.

आम्ही गावातून जायचो तेव्हा ट्रान्स-हार्बरची लोकल नव्हती, ती २००४ ला आली. बसनं जायचं, त्यामुळे पुस्तक नाही आवडलं तरी लगेच बदलायची सोय नाही. म्हणून देवघेवीच्या टेबलापाशी नीट बोलायची सवय लागली. ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हटलंस तर सगळे नेतात तेच तुझ्याही हातात पडेल. त्यापेक्षा मागचं पुस्तक कुठं सोडलंस ते सांग. चाळिसाव्या पानावर कंटाळा आला असेल तर तसंच सांग, लाजू नकोस. टेबलामागच्या माणसाला तुझ्या आवडीपेक्षा तुझ्या कंटाळ्यावरून जास्त कळतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यातलाच एक. नियम छापला पुस्तकात, पण तो पाळायचा असतो टेबलामागच्या माणसानं, आणि त्यासाठी आपल्याला तोंड उघडावं लागतं.

आणखी एक, परत आलेल्या पुस्तकांचा ढीग कपाटात जायच्या आधी बघत जा. लोक खरोखर काय नेतात ते तिथं दिसतं. तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के थोडे असले म्हणून मात्र पुस्तक टाकून देऊ नकोस.

आता टेबलामागं मी असते तर तुला काय दिलं असतं? पहिलं विश्वास पाटलांचं ‘झाडाझडती’. १९९१ चं, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. गोष्ट धरणग्रस्तांची. त्यात आपली खाडी नाही की मिठागर नाही, पण नोटीस, मोजणी, मोबदला, हेलपाटे सगळं ओळखीचं. आपल्याकडं नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० ला, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरणला दि. बा. पाटलांच्या जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याचा विषय निघाला की तुझा बापूस जेवता जेवता का उठतो, हे तुला मी सांगण्यापेक्षा ही कादंबरी बरं सांगेल. पुस्तक जाडजूड आहे, घाई करू नकोस.

त्याच्यानंतर लगेच जड काही नको. ‘एका कोळियाने’ घे. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, पु. लं.नी मराठीत आणलेली. पु. लं.चं म्हणून हसायच्या तयारीनं उघडशील तर फसशील. ८४ दिवस मासा न मिळालेला माणूस परत होडी काढतो. खाडीवरून रिकामी टोपली घेऊन परतणारा आजोबा तू पाहिला नाहीस, मी पाहिलाय, म्हणून मला ते पुस्तक इतकं जवळचं.

‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मात्र एकटीनं वाचू नकोस. लक्ष्मीबाई टिळक लिहायला-वाचायला शिकल्या लग्नानंतर. त्या कागदावरसुद्धा बोलतातच. आजीला मोठ्यानं वाचून दाखव, ती मध्येमध्ये टोकेल, टोकू दे.

हल्ली वाचनालय म्हटलं की पोरांना अभ्यासिकाच आठवते. स्पर्धा परीक्षेसाठी बसायला पंखा आणि टेबल हवं, खरंय. पण देवघेवीकडं कुणी फिरकलंच नाही तर नवी पुस्तकं घ्यायची कुणासाठी? गावाकडं आलीस आणि ठाणं लांब वाटलं, तर ऐरोलीला बाबासाहेबांच्या स्मारकात महापालिकेनं मोठं ग्रंथालय केलंय, तेही बघ.

रविवारी येशील तेव्हा आजीसाठी ठळक टाइपातलं काही मिळालं तर घेऊन ये. अनामत आणि वर्षाची वर्गणी मी भरणार आहे, बापसाकडं मागू नकोस.

तुझी,
आत्या