फुकट आहे, पण जबाबदार कोण?

आमच्या ऑफिसात नवी खुर्ची मागवायला एक सही पुरते. संगणकावर फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला मात्र चार सह्या लागतात, आणि शेवटची असते ऑडिटरची.

आमचं काम कर्जाच्या हिशेबाचं. व्याज मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ चुकली की कितीतरी घरांचा हप्ता बदलतो. तरीही बदल तपासायची आमची रीत काय, तर जुनी आणि नवी फाइल शेजारी-शेजारी उघडून डोळ्यांनी ताडून बघायची! महिनाअखेरीला माझी एक सहकारी रात्री दहापर्यंत हेच करत बसायची. घरी तिची दोन वर्षांची मुलगी.

गिट आणि विनमर्ज ही ओपन सोर्स साधनं बदललेल्या ओळी क्षणात दाखवतात. गिट तर लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. मी अर्ज केला.

ऑडिटरसाहेब म्हणाले, "मॅडम, फुकट आहे ते ठीक. पण उद्या काही झालं, तर विचारायचं कुणाला?"

मला रागच आला. विकतच्या सॉफ्टवेअरच्या करारातही बारीक अक्षरांत बहुतेक वेळा हात झटकलेलेच असतात की! पण प्रश्न खोटा नव्हता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या साध्याशा साधनात चोरदरवाजा सापडला. ते सांभाळणारा थकलेला होता. मदतीला आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्याचा विश्वास कमावला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, त्यावरून सगळं उघडकीला आलं. कोड खुला होता म्हणून त्याला खोलात जाता आलं, हेही मी साहेबांना ऐकवलं.

मग तक्ता केला. साधन कुठून उतरवलं, आवृत्ती कोणती, लायसन्स कोणतं, चेकसम जुळला का. चेकसम म्हणजे औषधाच्या बाटलीचं सील बघण्यासारखंच. पण एक्सझेडमध्ये विष सीलच्या आत होतं, म्हणून साहेबांनी आणखी एक रकाना वाढवला: सुरक्षेच्या सूचनांवर लक्ष कोण ठेवणार? तिथे मी माझं नाव लिहिलं. 'जीपीएल लायसन्स आहे, आपला सगळा कोड जगाला द्यावा लागेल', ही कायदा विभागाची धास्ती घालवायला आणखी एक आठवडा गेला. नुसतं साधन वापरल्याने तसं काही होत नाही.

गिट आणि विनमर्ज मंजूर झाली. एडिटरचं एक एक्स्टेन्शन नामंजूर झालं, कारण ते आमचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत होतं. ते मलाही पटलं.

या महिनाअखेरीला सहकारी साडेसहाला घरी गेली. साहेबांचा नवा मेल आलाय: "तुम्ही रजेवर असाल तेव्हा कोण?" तिला विचारलंय. ती हो म्हणाली.