ठरलेली कुस्ती

मी जपानी प्रोफेशनल रेसलिंगचा फॅन आहे असं ऑफिसात सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "म्हणजे सुमो का रे?" सुमो नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पण ते सगळं खोटं असतं ना?" हे विचारताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. जणू मला हे आजवर माहीतच नव्हतं आणि हा गडी आज कॅन्टीनमध्ये माझे डोळे उघडतोय!

तर आजचं पोस्ट त्या प्रश्नाबद्दल.

आमचं गाव चोपडा. जळगावहून एसटीत बसायचं, तापी ओलांडायची, दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागतात आणि उत्तरेला सातपुडा दिसायला लागला की गाव आलंच. नव्वदच्या दशकात तिथल्या शाळकरी पोरांचं चलन म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड. उंची, वजन, छाती, रँक. 'खिलाडियों का खिलाडी' १९९६ ला आला, त्यात अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलला आणि आमच्या वर्गात दोन तट पडले. (तो खरा अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच रेसलर होता. हे कळायला मला इंटरनेट यावं लागलं.)

घरात या सगळ्याला एकच विरोधी पक्ष होता, आमचे आबा. म्हणजे आजोबा. तरुणपणी तालमीत घुमलेले, दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले. टीव्हीवर कुणी कुणाला खुर्ची मारली की आबा एक नजर टाकायचे, "नुरा!" म्हणायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे.

नुरा कुस्ती म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती. हल्ली पेपरवाले राजकारण्यांसाठी हा शब्द वापरतात. आबांसाठी ती शिवी होती. आमच्याकडे जत्रेला कुस्त्यांची दंगल व्हायची. सुरुवातीला लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग रोख इनामाच्या. अशाच एका जत्रेच्या आदल्या रात्री बाहेरगावच्या पैलवानाचा माणूस आबांकडे आला. वीस मिनिटं धरून ठेवायचं, बरोबरीत सोडवायची, इनाम अर्धं अर्धं. आबांनी त्याला हाकलून दिलं आणि दुसऱ्या दिवशी चार मिनिटांत चितपट झाले. ही गोष्ट सांगताना ते जिंकल्यासारखे खूश असायचे.

जपान म्हणजे आबांसाठी एकच माणूस. शोहाची इशी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं, त्याच गटात सुवर्ण या इशीला मिळालं. त्यामुळे २०१४ मध्ये मला टोकियोचं ऑनसाइट मिळालं तेव्हा घरचे व्हिसा, थंडी आणि जेवणाची चौकशी करत होते आणि आबांनी एवढंच विचारलं, "इशीना देशले चालना का?"

टोकियोत मी निशी-कसाईला राहायचो. आयटीतल्या बहुतेक भारतीयांचा मुक्काम तिथेच. आमच्या टीममध्ये पन्नाशीचे एक टेस्ट लीड होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "इंडिया? टायगर जीत सिंग!" मला वाटलं हे कुणी क्रिकेटर असावेत. मग कळलं, हा पंजाबातून कॅनडात गेलेला रेसलर. तोंडात तलवार धरून यायचा आणि सत्तरच्या दशकात त्याने अख्ख्या जपानला घाबरवून सोडलं होतं. १९७३ मध्ये अँटोनिओ इनोकी, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा स्टार, बायकोबरोबर शिंजुकूत खरेदीला गेलेला असताना या सिंगने भररस्त्यात त्याच्यावर हल्ला केला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं! आमचे टेस्ट लीड तेव्हा शाळेत होते. शुक्रवारी रात्री आठला इनोकीची कुस्ती टीव्हीवर लागायची आणि त्याआधी होमवर्क संपवायचा, हा त्यांचा आयुष्यातला पहिला डेडलाइन.

त्यांनीच मला ४ जानेवारी २०१५ ला टोकियो डोमला नेलं. रविवार होता. इनोकीनेच काढलेल्या न्यू जपान प्रो-रेसलिंगचा हा वर्षातला सगळ्यात मोठा शो, 'रेसल किंगडम'. निशी-कसाईहून तोझाई लाइनने ईदाबाशी, तिथून सोबू लाइनने एकच स्टेशन, सुईदोबाशी. डोमचं छत आतल्या हवेच्या दाबावर उभं असतं, म्हणून गोल फिरणाऱ्या दारांतून आत जायचं.

अपेक्षा शून्य होती, खरं सांगतो. २०१२ मध्ये कलर्सवर 'रिंग का किंग' लागायचं, ते आपल्या बालेवाडीतच शूट झालं होतं. ते बघून माझं मन भरलं नव्हतं. आरडाओरडाच फार.

इथे पहिला धक्का म्हणजे शांतता. हजारो माणसं बसलेली आणि पैलवानांनी एकमेकांची मनगटं धरली तर कुजबुजसुद्धा नाही. लोक पकड बघत होते! आमच्या दंगलीत जुनी माणसं बघायची तशी. मग एखादा सुटला की टाळी आणि डाव बसला की एकदम गर्जना.

दुसरी गोष्ट, रिंगच्या कडेला ट्रॅकसूटमधली पाच-सहा पोरं होती. बर्फ आण, कठडा सावर, जखमी माणसाला हात दे. मी विचारलं हे कोण. 'यंग लायन', नवे शागीर्द. सेतागायातल्या नोगे भागात कंपनीचा दोजो आहे, तिथेच राहायचं, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, मोठ्यांचे कपडे धुवायचे. साधी काळी चड्डी, काळे बूट, मोजकेच डाव. एरवी छोट्या शोमध्ये सुरुवातीच्या कुस्त्या यांच्या. मी मनात म्हटलं, ह्या तर नारळावरच्या कुस्त्या.

मग टेस्ट लीड म्हणाले की यांचा रोजचा व्यायाम म्हणजे शेकड्यांनी 'हिन्झू सुकुवात्तो'. काय? हिंदू स्क्वॉट. त्यांनी बसल्या जागी हातांनी करून दाखवलं. अहो, बैठका! आमच्या आबांच्या बैठका! कार्ल गॉच नावाचा बेल्जियममध्ये जन्मलेला मल्ल होता, जपानी लोक त्याला रेसलिंगचा देव म्हणतात. न्यू जपानच्या पहिल्या पिढीला त्यानेच तयार केलं. ६ मार्च १९७२ ला कंपनीचा पहिला शो झाला तेव्हा इनोकी त्याच्याशी लढला आणि हरला. स्वतःच्या कंपनीच्या उद्घाटनाला, निकाल स्वतःच्या हातात असताना! स्टार्टअपवाल्यांनी यावर जरा विचार करावा. या दोजोत लाकडी मुदगलसुद्धा फिरवतात, त्याला 'कोशिती' म्हणतात. माझ्या कानाला तरी तो शब्द कुस्तीचा सख्खा भाऊ वाटतो.

मुख्य शोच्या आधी बऱ्याच जणांची एक धमाल झुंज झाली, ती ४६ वर्षांच्या युजी नागाताने जिंकली आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याची कहाणी मला नंतर वाचून कळली. २००० नंतर जपानात मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लाट आली. इनोकीला वाटलं, आपले लोक खरेखुरे लढवय्ये आहेत हे दाखवून द्यावं. म्हणून ते खऱ्या मारामारीत उतरले. २००१ च्या ३१ डिसेंबरला नागाता मिर्को क्रो कॉपपुढे २१ सेकंदांत संपला. असे आणखीही पराभव झाले, प्रेक्षक गेले, पैसा गेला आणि २००५ मध्ये कंपनी युक्स नावाच्या व्हिडिओ गेमवाल्यांनी घेतली. होय, सॉफ्टवेअर कंपनीने! (आपल्या जमातीने केलेलं एक तरी पुण्यकर्म.) पुढे २०१२ मध्ये ती बुशिरोड या कार्ड गेमवाल्यांकडे गेली. म्हणजे ट्रम्प कार्डवाले आम्ही फार चुकलो नव्हतो.

त्या पडत्या काळात कंपनी खांद्यावर घेऊन उभा राहिला तो हिरोशी तानाहाशी. लांब केस, गॉगल, हवेतली गिटार. जुन्या फॅन्सनी सुरुवातीला त्याची हुर्यो उडवली. त्या रात्रीच्या शेवटच्या कुस्तीत तो चॅम्पियन होता आणि समोर काझुचिका ओकाडा, सत्तावीस वर्षांचा. त्याला 'रेनमेकर' म्हणतात. तो आला की छतावरून नोटांचा पाऊस पडतो. आमच्याकडे तमाशात प्रेक्षक दौलतजादा करतात, इथे पैलवानच प्रेक्षकांवर उधळतो. नोटा अर्थात खोट्या. त्यातली एक अजून माझ्या पाकिटात आहे.

त्याआधी नाकामुरा आणि इबुशीची कुस्ती झाली. इबुशी मुद्दाम नाकामुराच्याच डावांची नक्कल करून त्याला डिवचत होता आणि नाकामुराचा चेहरा बदलत गेला. वीस मिनिटं मी बिअर खाली ठेवली नव्हती आणि प्यायलोही नव्हतो. पुष्कळ लोक तीच त्या रात्रीची सगळ्यात भारी कुस्ती मानतात. मानोत.

कारण मला अजून आठवतो तो ओकाडा. अर्ध्या तासाहून जास्त चाललेली कुस्ती तानाहाशीने कोपऱ्यावरून लागोपाठ तीन उड्या मारून संपवली. जिंकलेला माणूस रिंगमध्ये होता आणि हरलेला त्या लांबलचक रॅम्पवरून परत चालला होता, हमसून हमसून रडत. ठरलेलं होतं ना? त्याला सकाळपासून माहीत असणार. माझ्या शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ चष्मा पुसत होते. त्यांनाही माहीत होतं. बाहेर पडताना डोमची हवा पाठीत ढकलते, तसे आम्ही ढकलले गेलो आणि स्टेशनपर्यंत कुणी काही बोललं नाही.

एप्रिलमध्ये मी परत आलो आणि आखाजीला चोपड्याला गेलो. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीइतका मोठा सण. आमरस, खापरावरचे मांडे, झोके. आणि तालुक्यात कुठे ना कुठे बारागाड्या. माणसांनी भरलेल्या बारा गाड्या एकमेकींना बांधायच्या आणि भगताने ओढायच्या. दुपारी उन्हाचं कुणी बाहेर पडत नव्हतं. न्यू जपानची वेबसाइट तेव्हा महिना ९९९ येनमध्ये जुन्या कुस्त्या दाखवायची, ती डोंगलवर लावली आणि लॅपटॉप आबांसमोर ठेवला. दर तीन मिनिटांनी बफरिंग.

"हाई बठ्ठं ठरेलच ऱ्हास ना?" आबांनी विचारलं. सगळं ठरलेलं असतं ना?

मी हो म्हटलं. वाद घातला नाही. आता "नुरा!" येणार आणि आबा ओट्यावर जाणार. पण गेले नाहीत. तानाहाशी ओकाडाच्या पायाला धरून पिळत होता, आबा पुढे सरकले. "धरनं बरोबर शे." पहिली उडी आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. शेवटी ओकाडा रॅम्पवर रडायला लागला आणि नेमकं तिथे बफरिंग. तो रडवेला चेहरा दोन मिनिटं स्क्रीनवर थांबून राहिला.

आबा बघत बसले. मग म्हणाले, "नुरा म्हंजे लोकेसले फसाडनं. आठे कोन फसना?"

मला काही बोलता येईना. आयुष्यभर ज्या शब्दाला ते थुंकत आले, त्याची व्याख्या त्यांच्याकडे इतकी नेमकी होती. आदल्या रात्री आलेला तो माणूस त्यांना खटकला तो कुस्ती ठरवली म्हणून नाही, खाली तिकीट काढून बसलेल्या शेतकऱ्यांना ते सांगणार नव्हते म्हणून. आणि ऑफिसातले आम्ही लोक मात्र "ठरलेलं असतं" एवढ्यावर निकाल लावून मोकळे!

असो. चार्जिंग संपलं, लाइट गेलेली होती.

पुढच्या वर्षी, ४ जानेवारी २०१६ ला, त्याच डोममध्ये ओकाडाने तानाहाशीला हरवलं. मी पुण्यात होतो, सोमवार होता, ऑफिसच्या जिन्यातून आबांना फोन लावला. आबा, तो रडणारा पोऱ्या जिंकला!

"बरं झाय," आबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आन् त्या दुसराना गुडघा कसा शे आते?"