किरमिजीच्या गावात

वाहाका शहर मागे टाकून पूर्वेकडे तेओतित्लान देल वायेची वाट धरली, की मेक्सिको तितकासा परका वाटत नाही. बांधाबांधावर आपला फड्या निवडुंग उभा असतो. तो मूळचा इकडचाच, आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेला. झापोटेक विणकरांच्या या गावात निवडुंगावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. त्यातला एक तळहातावर चिरडला की गडद लाल रंग पसरतो. त्यावर लिंबू पिळलं की तो शेंदरी होतो, खाण्याचा सोडा टाकला की जांभळा. ठिपका म्हणजे कोचिनील किड्याची मादी. मुंग्यांसारख्या शत्रूंपासून बचावासाठी ती अंगात कार्मिनिक आम्ल साठवते. वाळलेल्या किड्याच्या वजनात त्याचा वाटा साधारण पाचवा असतो. वाळलेले किडे इथे मेटाटेवर, म्हणजे आपल्या पाट्यासारख्याच दगडावर, वाटतात आणि तुरटी लावलेली लोकर त्या रंगात उकळतात. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालतं.

हा उघडेपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण या रंगाचा व्यापार लपवाछपवीवरच वाढला. वसाहतीच्या काळात चांदीखालोखाल मोलाचा हा माल स्पेनने मुठीत ठेवला. युरोपात कित्येकांना ते दाणे एखाद्या झाडाचं बी वाटत. 1704 साली लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकातून त्यांचं किडेपण दाखवलं. 1777 साली तिएरी द मेनोनव्हिल हा फ्रेंच माणूस वाहाकातूनच जिवंत किडे चोरून घेऊन गेला. पुढे कृत्रिम रंगांनी हा धंदा बुडवला. आता दही, मिठाई, लिपस्टिक यांत हा रंग परतलाय. पण कितीतरी वेष्टनांवर फक्त ‘नैसर्गिक रंग’ किंवा ‘ई120’ एवढंच असतं. किड्याचं नाव घ्यायला एवढा संकोच का? आपल्या ‘किरमिजी’ शब्दाच्या पोटात कृमीच बसलेला आहे, मग तो जुन्या जगातल्या दुसऱ्या जातीचा का असेना.

एक किलो वाळलेल्या मालासाठी सुमारे दीड लाख जीव जातात. ज्यांना हे पटत नाही, त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि म्हणूनच नाव छापलं पाहिजे. न सांगता खाऊ घालणं हा शाकाहारी माणसाचा विश्वासघात आहे. काहींना या रंगाची तीव्र ॲलर्जी होते, त्यांच्यासाठी तर हा जिवाचा प्रश्न. मग सरळ कृत्रिम रंगच का नकोत, असं कुणी विचारेल. पण त्यांच्यावरही डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही: अमेरिकेने 1976 साली अमरांथ आणि 2025 च्या जानेवारीत अन्नातला एरिथ्रोसिन बाद केला. नाव छापलं तर लोक पाठ फिरवतील आणि पेरू देशाच्या डोंगरात हे किडे पाळणारा गरीब शेतकरी मरेल, ही भीतीही खोटी नाही. तरी अमेरिकेत 2011 पासून कोचिनील किंवा कार्माइन असं नाव छापणं सक्तीचं आहे, आणि तिथल्या दुकानांतून हा रंग हद्दपार झालेला नाही. तेओतित्लानमध्ये तर किडा दाखवूनच गालिचा विकतात.