अँटिगनी मुलगा असती तर?

वसतिगृहातील सायंकाळची वंदना आटोपली की आम्ही मुलांना जगाच्या इतिहासातील एखादी कथा सांगत असू. एकदा ग्रीक नाटककार सोफोक्लिसची ‘अँटिगनी’ सांगितली. राजा क्रिऑनने बंडखोर पॉलिनायसिसचे प्रेत उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढला. बहीण अँटिगनीने त्यावर माती टाकली आणि मृत्यू पत्करला. सेलूजवळच्या खेड्यातून आलेली सातवीतील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, ती मुलगा असती तर?”

या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस सोडले नाही. ती मुलगा असती, तर ते राजाविरुद्धचे आणखी एक बंड ठरले असते. प्रेतावर माती पडल्याचे कळताच क्रिऑन विचारतो, हे धाडस कोणत्या पुरुषाने केले? स्त्री त्याच्या कल्पनेतच नाही. सत्य कळल्यावर हुकूम मोडल्याइतकीच बाईपुढे हरण्याची लाज त्याला छळते. धाकटी इस्मेनीही म्हणते, आपण बायका, पुरुषांशी कशा लढणार? आणि इ.स.पूर्व ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये अँटिगनीची भूमिका मुखवटा घालून पुरुषानेच केली होती!

अँटिगनी देवांच्या अलिखित कायद्याचा आधार घेते, तेथे मात्र आमचे मन अडखळते. आमच्या मायबहिणींना रूढीच्या अलिखित कायद्यानेही जखडले होते. म्हणूनच २० जुलै १९४२ रोजी नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क कायद्याने मागितला. हिंदू कोड बिल रखडले, हे १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते.

हे सारे आम्ही वर्गात शिकवीत होतो. पुढे आमची आई गेली. थोरली ताई तिरडीला खांदा देण्यास पुढे झाली, तेव्हा नातलगांनी तिला अडविले. इतिहासाचे एम. ए. असलेले आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. ताईने खांदा दिलाच. इस्मेनी निदान नंतर तरी बहिणीच्या दोषात वाटा मागते. आम्ही तेवढेही केले नाही.

ती विद्यार्थिनी आज ही स्मरणिका वाचत असेल. बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देत आहोत. अँटिगनी मुलगा असती, तर क्रिऑन इतका उघडा पडला नसता. आमची ताई भाऊ असती, तर आम्हीही पडलो नसतो.